बुरशीच्या खोक्याला वॉर्निश

बाबा, आज मला इतकी शिसारी आलीय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. नाते गावात मी शेड घातलीय, हे तुम्ही गेल्यानंतरचं. भाताचा पेंढा कापून, उकळून, गार करून त्यात बुरशीचं बियाणं मिसळायचं आणि साच्यात दाबून भरायचं. आठवड्याभरात बुरशी पेंढ्याला आतून अशी धरते की साचा काढला तरी खोकं उभंच राहतं. मग भट्टीत वाळवायचं. थर्माकोलच्या जागी वापरा, काम झालं की परसात टाका, माती होते. तुम्ही म्हणाला असतात, "खुळी झालीस काय गो? लोकं बुरशी फेकतात, आन तू पिकवतेस!"

तुम्ही औद्योगिक वसाहतीतल्या रसायनाच्या कंपनीतून पाळी करून यायचात ते थेट मागच्या दारी, धोंडीवर आंघोळीला. एकदा मी धावत येऊन कमरेला मिठी मारते, तर तुम्ही मला ढकलता. "हात लावू नको सांगितलंय ना! अंगाला माल हाय!" मी रडले होते. आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी तो गोडसर, घशाला धरणारा वास जायचा नाही. पोलादपूरच्या दवाखान्यात शेवटी तुम्ही खोकत पडलात, तेव्हाही मला तोच येत होता. त्या वासाची मला किळस यायची, तुमची कधीच नाही. हे सांगायचं राहून गेलं.

आज मुंबईहून साबणाच्या भेटपेट्यांसाठी एक साहेब आले. मोठी ऑर्डर. माझं खोकं दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. "मॅडम, प्रॉडक्ट एकदम मस्त. पण ते बुरशी-बिरशी बोलायचं नाही हां. आणि थोडी शाइन पाहिजे, कस्टमरला घाण वाटते." गाडीतून वॉर्निशचा डबा काढून एका खोक्याला तिथंच फासलंसुद्धा. शेडभर वास पसरला. बाबा, जवळजवळ तोच हो! म्हटलं, "अहो, मग हे मातीत कुजणार कसं?" तर हसतात. "कोण कुजवून बघतंय? वर हिरवं पान छापू ना!" वरून कीर्तन, आतून तमाशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साचे भरायला चुलतभावाची बायको असते. तिनं मला बाजूला ओढलं. "ताई, नाय म्हणू नका. ही ऑर्डर गेली तर शेड बंद पडंल. मी काय परत कंपनीत जाऊ पाळीला?" खरंच होतं तिचं. पण वॉर्निश मारणार कोण होतं? तीच, नाकाला पदर लावून, दिवसभर. आणि घरी गेल्यावर तिची पोर तिला बिलगायला येणार. मी साहेबांना तोंडावर नाही म्हटलं. ते खांदे उडवून निघून गेले. वहिनी चहा न घेता घरी गेली. उद्या येईल का, माहीत नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली! म्हणून तुम्हालाच सांगते, वहिनीला नाही सांगणार. साहेबांनी रंगवलेलं ते खोकं इथंच राहिलंय. फेकून द्यायला उचललं, उजेडात फिरवून पाहिलं, आणि कपाटात ठेवून दिलं. माझं एकही खोकं आजवर इतकं देखणं झालं नव्हतं, बाबा.