आंटींच्या केकचा वास

१२ जानेवारी, रविवार

जमला! चौथ्या खेपेला का होईना, बनाना केक जमला!! मधे बसला नाही, कडा करपल्या नाहीत. शेजारच्या लुर्दस आंटींच्या किचनमध्ये, त्यांच्याच जुन्या गोल ओव्हनमध्ये केला म्हणा. आमच्याकडे ओव्हन कुठाय.

केळी पार काळी पडेपर्यंत थांबायचं, असं आंटींचं म्हणणं. "लोक टाकायला काढतात ना बाय, तेवा ती केकची होतात." चार केळी काट्याने कुस्करली (मिक्सरचं नाव काढलं तर मारतील), तेल, साखर, दोन अंडी, मैदा, वरून जायफळ किसून. पीठ चमच्यावरून रिबिनीसारखं सुटायला लागलं की थांबायचं. ते बघतच राहावंसं वाटतं.

आंटींना वास येत नाही. कोविडमध्ये गेला तो परत आलाच नाही. वय शहात्तर, घरात एकट्या, तरी दर आठवड्याला केक! मला स्टुलावर बसवतात आणि दर पाच मिनिटांनी — "आला काय गं?" आधी कच्च्या मैद्याचा येतो, मग केळ्याचा, आणि मग एकदम तो. जड, गोड, जायफळाचा. मी "आला!" म्हटलं की बटण बंद. सुरी खुपसूनसुद्धा बघत नाहीत.

नवरोबाने, मितेशने, तीन तुकडे उभ्याउभ्या खाल्ले.

२१ जानेवारी

शीळफाट्याला बस पाऊण तास अडकलेली. पुढे ट्रेलर, डिझेलचा धूर. आणि अचानक — केक! शेजारच्या बाईच्या पिशवीत वाकून बघितलं मी. भेंडी होती. अर्ध्या मिनिटात वास गेला. पण काय बरं वाटलं! कुणी केसांतून हात फिरवावा तसं.

२ फेब्रुवारी

आणखी तीनदा. ऑफिसात, लिफ्टमध्ये, काल अंघोळ करताना. आधी पोटात काहीतरी वर चढतं, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं. मग वास. कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगू? छान वाटतं.

९ फेब्रुवारी

आज आंटींकडे "आला!" म्हटलं. त्यांनी बंद केला. कापला तर आत नुसतं ओलं पीठ. बाराच मिनिटं झालेली!

आंटींनी सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिल्या.

१६ फेब्रुवारी

भाजी चिरताना थांबले म्हणे मी. तोंड चघळल्यासारखं हलत होतं. मितेश घाबरून ओरडत होता — "दोन मिनिटं हाका मारतोय समीक्षा! बघतेयस माझ्याकडे, आणि मी दिसतच नाहीये तुला!" बोट कापलेलं. ओट्यावर रक्त. मला फक्त केकचा वास आठवतो.

सगळं सांगितलं त्याला. रागावला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

२५ फेब्रुवारी

ठाण्याच्या डॉक्टरांकडे. एमआरआयमध्ये डाग दिसतोय, बारीक, जुना. "या फिट्सच आहेत. प्रत्येक फिटमध्ये हातपाय झटकले जातात असं नाही." सकाळ-संध्याकाळ गोळी. वास आला की आहे तिथे खाली बसायचं. उठायचं नाही. गॅसकडे, बाल्कनीकडे तर नाहीच. "स्वतःला सांगा, हा वास खरा नाही. पुढे बदलेलही, करपट येईल. घाबरायचं नाही." जास्त वेळ राहिला तर एक जादाची गोळी.

मितेशने सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलं.

माझा तो वास म्हणजे एक डाग!

८ मार्च

आज वास आला आणि मी बसले नाही. धावत आंटींच्या दाराशी. बेल, मग हाताने धडाधड — जळतंय, आंटी, केक जळतोय!

दार स्टीव्हने उघडलं. आंटींचा मुलगा, घोडबंदरला राहतो. आत आंटी टीव्ही बघत बसलेल्या. ओव्हन गार. वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा खाली उतरलेली.

"समीक्षा, प्लीज यार. मम्मीचं बीपी वाढतं." मग जिन्यात मितेशशी हळू आवाजात बराच वेळ बोलला. आतून आंटी — "येऊ दे रे तिला. आली का बरं वाटते मला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत नाही जायचं.

१७ मार्च

नऊ दिवस वास नाही. गोळ्या लागू पडल्या. मितेश खूश. आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं होतंय! हे कुणाला सांगायची सोय नाही.

आंटी जिन्यात भेटल्या, हातात बॅग. स्टीव्हकडे चालल्यात. "बघते, जमते काय ऱ्हायला. इकडे आता केक झाला का नाय, कोण सांगते मला?" मी नुसती हसले. खाली मान घालून.

त्यांच्या दाराला कुलूप लागलंय.

२२ मार्च, शनिवार, दुपार

आला!

मितेश पनवेलला गेलाय, एकटीच आहे. पण घाबरले नाही. हॉलमध्ये फरशीवर बसले, भिंतीला पाठ लावून, वही मांडीवर. लिहीत राहिलं की भान राहतं.

केळ्याचा. आता जायफळाचा. यावेळी पोटात काहीच चढलं नाही. डॉक्टर म्हणालेच होते, बदलतं.

शंभर आकडे मोजले. जात नाही.

आता करपट येतोय. पहिल्यांदाच. घसापण खवखवतोय. हा वास खरा नाही. हा वास खरा नाही.

उठून आंटींच्या दाराशी जावंसं वाटतंय. पण तिथे कुलूप. आंटी घोडबंदरला. पुन्हा तोच तमाशा, पुन्हा वरचे लोक जिन्यात. नको. उठायचं नाही म्हटलंय ना.

वीस मिनिटं झाली. जादाची गोळी घेतली. डोळे जड झालेत, इथेच पडते. मितेश आला की सांगेन — बघ, एकटीने निभावलं!

२५ मार्च

आंटी शनिवारी सकाळीच परत आलेल्या. स्टीव्हकडे करमेना म्हणून. त्यानेच आणून सोडलेलं. ओव्हनमधून लागलेली आग किचनपुरतीच होती, आंटी धुराने गेल्या.

काल दफन झालं. नंतर स्टीव्ह माझ्यापाशी आला. डोळे सुजलेले.

"भिंतीला भिंत लागून घर तुमचं. तुला काहीच वास नाही आला?"

मी म्हटलं, नाही.