थॉमसच्या दिवसाचं पिंप

३ डिसेंबर १८८७
झालं! नाताळची बिअर यंदा मी करायची. मामंजींचे डोळे पार गेले, आणि माझा नवरा स्युर मासे घेऊन बर्गनला — तो येणार नाताळच्या तोंडावर. चाळीस वर्षं मामंजींनी पिंपाला कुणाला हात लावू दिला नाही. आज जेवताना म्हणाले, "सिनेवा, एकवीस तारखेला, संत थॉमसच्या दिवशी, शेजारी चाखायला येतील. बिअरला फेस नसला तर खमिराची कडी मारिताकडे जाईल."
मारिता म्हणजे नणंद, फियॉर्डच्या पलीकडे दिलेली. आणि त्या लाकडी कडीवर या घराचं खमीर वाळून बसलंय, आजेसासऱ्यांच्याही आधीचं. ती गेली तर मी या घरात कोण? भांडी घासणारी!
मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघाच तुम्ही."

५ डिसेंबर
पहाटेपासून चुलीपुढे. मोडाचे जव, ज्युनिपरच्या डहाळ्या, हातांना अजून वास आहे. कोमट काढ्यात कडी सोडताना जोरात ओरडायचं असतं, नाहीतर बिअर मिळमिळीत होते. ओरडले. बाहेरून मामंजी — "हे ओरडणं? मांजराच्या शेपटीवर पाय पडला वाटलं!"
मग अशी ओरडले की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. मामंजी खूश.

७ डिसेंबर
पिंप भरलं. मामंजींची शिकवण — खमीर थोडं जागं असतानाच भर, वर एक लोटा गोड काढा, आणि बूच ठोक. खमीर काढा खातं, वारा सोडतं, तो आतच कोंडतो. मग फेस.
पण तळघर इतकं गार! खमीर झोपी गेलं तर? मी दोन लोटे ओतले. बुचाला फडकं गुंडाळलं, बुचातली खुंटीही घट्ट ठोकली. मामंजी जिन्यावर बसले होते. त्यांना सांगितलं नाही.

१० डिसेंबर
शेजारच्या गुरोकाकू आल्या. मला राहवलं नाही, बोलून गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन लोटे? अगं बये! माझ्या भावजयीचं पिंप असंच फुटलं. लोखंडी पट्ट्या छतात रुतल्या होत्या! खुंटी सैल कर आधी."
सैल केली आणि सगळाच वारा गेला तर? मग कडी गेलीच. नाही करणार.

११ डिसेंबर
पिंप कुरकुरतंय.

१३ डिसेंबर
झाकण फुगलंय. आणि मामंजी रोज सकाळी बटाटे आणायला तळघरात जातात! म्हटलं, "मी आणते ना." तर म्हणे, "डोळे गेलेत माझे, पाय नाहीत गेले." भिंत चाचपत गेले. मी जिन्यात जीव मुठीत धरून उभी. चार बटाटे घेऊन आले, शीळ घालत.
त्यांच्या अंगावर फुटलं तर? उद्या सांगूनच टाकते.

१४ डिसेंबर
नाही सांगितलं. भित्री आणि हावरट, दोन्ही आहे मी.

१७ डिसेंबर
झाकण खाली बसलंय! कान लावला, आवाज नाही. खमीर मेलं. चुलीपुढे बसून रडले. मामंजी म्हणाले, "धूर फार झालाय का गं?"

२१ डिसेंबर
थॉमस!! सात शेजारी, पुढे गुरोकाकू, पिंपापासून चार हात लांब. मी डोळे मिटून खुंटी उपटली — फुस्स! वाडग्यात दोन बोटं फेस, पांढराशुभ्र! काकू म्हणाल्या, "पोरीनं नाक राखलं!" मामंजींनी मिशा पुसल्या, पुन्हा वाडगा पुढे केला. सगळे गेल्यावर कडी माझ्या हातात ठेवली.
दोन लोट्यांची अक्कल माझी! स्युरला सांगताना आणखी वाढवून सांगणार.

२२ डिसेंबर
मामंजींपुढे मिरवायला गेले. म्हटलं, "खरं सांगू? दोन लोटे घातले होते."
"माहितीये. दोनदा ओतल्याचं ऐकलं ना मी. रोज सकाळी जाऊन खुंटी उपसून थोडा वारा सोडत होतो."
आणि मी म्हणत होते, हे रोज चारच बटाटे का आणतात!