पारोळ्याहून परत

जळगाव,
सोमवार, ५ जानेवारी २०२६

प्रिय योगेंद्रभाऊ,

रत्नाचा नमस्कार. मी बरी आहे. थंडी चांगली पडलीय, बाजारात भरताची वांगी आलीत. आईला बोदवडहून इकडे आणून पंधरा दिवस झाले. तिचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच कुरकुरते. "एवढं शिकून शेवटी लोकांची शीच तपासतेस ना," हे रोज एकदा होतंच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. वहिनीच्या भावाच्या, नीलेशच्या हाती देतेय, म्हणजे उद्याच मिळेल. मयुरीवहिनीने मला सगळं कळवलंय. आतड्याच्या सुजेच्या गोळ्या तू तीन आठवड्यांपासून बंद केल्या आहेस, संडासात पुन्हा रक्त जातंय, पँट कमरेवर राहत नाही. मला मात्र म्हणालास, "माले काहीच व्हयेल नई. तू फक्त ती बाटली लई ये." मी नाही म्हटल्यावर, "तुनाजोडे औषध शे अन् सख्खा भाऊले देस नई," म्हणून फोन ठेवलास.

भाऊ, त्या बाटलीत आहे ते औषध नाही. आपल्या आतड्यातले काही जंतू फार बारीक कण बाहेर सोडतात. आई बोदवडहून कंडक्टरकडे डबा द्यायची, स्वतः यायची नाही, तसंच हे. जंतू जागेवर राहतो, त्याचं सामान कणातून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतं. त्याने सूज उतरते का, हे आम्ही उंदरांवर पाहतोय. माणसाला अजून एक थेंबही दिलेला नाही.

हे मी भाऊबीजेला असंच सांगायला हवं होतं. पण तू पाटावर बसलेला, सगळे ऐकत होते, आणि मला मोठेपणा सुचला. "पुढच्या भाऊबीजेला तुला गोळी लागणार नाही," असं बोलून गेले. बारापैकी नऊ उंदरांची सूज उतरली, हे सांगितलं. उरलेल्या तिघांचं बोललेच नाही. दोघांना काही फरक पडला नव्हता. एकाची सूज वाढली आणि तो मेला. कशाने, ते अजून कळलेलं नाही.

आता खरं ते लिहिते. शनिवारी मी तुझ्याकडे यायला निघाले होते. प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून न विचारता एक बाटली उचलली, आईच्या डब्यात बर्फात ठेवली आणि धुळ्याच्या बसमध्ये बसले. तुझा अबोला मला सहन होत नव्हता. पारोळ्याला बस थांबली. डबा मांडीवर गार लागत होता, आणि तो मेलेला उंदीर काही डोक्यातून जाईना. उतरले आणि जळगावची बस धरली. बाटली आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी फ्रिजची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. पुढे व्हायचं ते होवो, हे काम मी सोडणार नाही.

कारण ते कण कधीतरी उपयोगी पडतील असं मला आजही वाटतं. त्याला वर्षं लागतील. तोवर तू हवास.

परवा, बुधवारी साडेदहाला तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी पहिल्या बसने येतेय. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन, गल्लीला काय वाटायचं ते वाटो. डॉक्टर देतील ती गोळी तुझ्या हातावर ठेवीन आणि तू गिळेपर्यंत समोरून हलणार नाही. चिडायचं असेल तर नंतर चीड.

तुझी, या वेळी रिकाम्या हाताने येणारी,
रत्ना