टीसी आणि विदाऊट

पूर्णा, रेल्वे क्वार्टर
रविवार, दुपार

प्रिय रुद्राणी,

आधी एवढंच वाच, मग बाकीचं: टीसी जिवंत आहे. पूर्ण बरा नाही, पण जिवंत आहे. तुझ्या खोलीत, खिडकीखाली झोपलाय. आता श्वास घे.

माझा फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर काही लिहिलं की नुसता अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी माणसाने काय बोलायचं? म्हणून हे पत्र. अप्पांच्या नकळत लिहितेय. त्यांचं म्हणणं, पोरीची परीक्षा चालू आहे, बोक्याचं काही कळवू नको, बरा झाला की सांगू. आणि नाही झाला तर काय सांगायचं, हे विचारलं तर ते डबा उचलून ड्यूटीवर निघून गेले. तुझे वडील आहेत, तुला माहीतच आहे. पण तो बोका तुझा आहे आणि तुझ्या आईचा होता. त्याला काय झालं हे तुला कळायलाच हवं, आणि ते माझ्याकडून कळायला हवं.

टीसी हे नाव तुझ्या आईने, सविताताईंनी ठेवलं, एवढं अप्पांनी मला सांगितलंय. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय आणि पिशवी तपासतो, म्हणून टीसी. मी लग्न होऊन या उंबऱ्यात उभी राहिले, तेव्हा त्याने माझेही पाय हुंगले, नव्या चपलाही हुंगल्या, शेपटी फुगवली आणि तुझ्या खोलीत निघून गेला. सगळे हसले. मीही हसले, कारण नव्या नवरीला दुसरं करता काय येतं! पण दीड वर्ष होत आलं, त्याने माझं तिकीट काही पास केलेलं नाही. मी ताटली ठेवून बाजूला झाले की मगच खातो. तू होस्टेलला गेलीस तेव्हापासून तर तुझ्या कपाटाशी पाठ लावून बसतो आणि माझ्याकडे असा बघतो, की मीच तुला कुठेतरी ठेवून आले.

खरं सांगू? मला त्याचा राग यायचा. अप्पा मालगाडी घेऊन गेले की घरात मी आणि तो, आणि तो मला मोजत नाही. चाळिशीला आलेली बाई मी, इतकी वर्षं वालूरला भावाच्या घरी शिलाई मशीन चालवली, लग्नाचा विचारही सोडला होता. मग हे घर मिळालं, आणि घरात माझ्याशी बोलणारं कोणी नाही. म्हणून गणपतीनंतर बाजारात भाजीच्या गाड्याखाली एक मूठभर पिल्लू ओरडताना दिसलं, तेव्हा मी पुढचा-मागचा विचार केला नाही. कांद्याच्या पिशवीत घातलं आणि आणलं. अप्पा म्हणाले, "हे तर विदाऊट तिकीट आलंय." झालं, तेच नाव पडलं. विदाऊट माझ्या मांडीवर चढून झोपला, तेव्हा मी किती वेळ हलले नाही. पाय बधीर झाले तरी हलले नाही.

मग तुझ्या चन्नबसम्मा आत्यांचा वालूरहून फोन आला. टीसी पिल्लावर फिसकारतोय असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, दोघायला एका ताटात खाऊ घाल. एका ताटात खाल्लं की जीव लागतोय आपोआप. लय विचार करू नको." मला पटलं. आपल्यात नवरा-नवरीला एका ताटात बसवतात, भांडलेल्या भावांना बसवतात, मग मांजरांनी काय घोडं मारलंय? मी टीसीच्याच ताटलीत दूध-भाकरी कुस्करली, पिल्लाला त्यात तोंड घालायला लावलं आणि टीसीला धरून शेजारी बसवलं. त्याने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून गेला. पिल्लाने सगळं चाटून पुसून खाल्लं आणि टीसीच्या खिडकीतल्या खोक्यात जाऊन झोपलं. मी कौतुकाने फोटो काढला, तुला पाठवला. त्यावर तुझा अंगठासुद्धा आला नाही.

मी हट्टी आहे, रोज तेच करत राहिले. आज नाही तर उद्या जमेल असं वाटायचं. टीसीने खाणं जवळजवळ सोडलं. मग घरात घाण करायला लागला. पलंगावर, पायपुसण्यावर, एकदा अप्पांच्या इस्त्री केलेल्या युनिफॉर्मवर. सगळीकडे थेंब थेंब. अप्पा भडकले. "मस्ती आलीय त्याला, दुसरं काय न्हाई. मुद्दाम करायलाय," म्हणून त्याला न्हाणीत कोंडलं. मीही बोलले त्याला, खोटं कशाला सांगू. वर्ष-दीड वर्षापासून तो आपलं पोट चाटायचा, चाटून चाटून खालचे केस गेले होते, त्यालाही आम्ही उवा झाल्या म्हणून हळद लावत होतो.

मंगळवारी सकाळी अप्पा ड्यूटीवर गेल्यावर मी न्हाणीचं दार उघडलं. टीसी कोपऱ्यात बसला होता, मांडी घालून बसावं तसा, आणि जोर लावत होता. काही येत नव्हतं. उठायचा, दोन पावलं जायचा, परत बसायचा. मग एक आवाज काढला त्याने. रुद्राणी, मी म्हशी विताना ऐकल्यात, बायकांची बाळंतपणं ऐकलीत, पण असा आवाज ऐकला नव्हता. फरशीवर एक थेंब पडला होता, गुलाबी. मी खाली बसून पोटाला हात लावला, तर आत लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला हात लावू दिला. बरं नसलेल्या जनावराने हात लावू दिला की आनंद होत नाही गं, भीती वाटते.

अप्पांचा फोन लागेना. पूर्णेत मांजर बघणारं कोणी सापडेना. कोपऱ्यावरचा बन्सीधर रिक्षावाला म्हणाला, "काकू, मांजरासाठी कोण परभणीला जातंय? कितीक फिरायलीत कॉलनीत." मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही, पण त्याने गुपचूप स्टेशनवर सोडलं. भाजीच्या टोपलीत टीसी, वर दुसरी टोपली उपडी, ओढणीने बांधलेली. परभणीचं अंतर ते किती, पण गाडी मिरखेलच्या पुढे सिग्नलला उभी राहिली ती हलेचना. टीसी आधी ओरडत होता, डब्यातले लोक वळून बघत होते. मग ओरडायचा थांबला. समोरची बाई म्हणाली, झोपला वाटतं. मी टोपलीच्या फटीतून बोट घातलं, तर त्याने नाक लावलं नाही, काही केलं नाही. तेव्हा माझ्या मनात बोक्याचा विचार नव्हता, तुझा होता. आईनंतर हा एवढाच जीव तुझ्यासाठी या घरात उरलाय. तो माझ्या टोपलीत गेला, तर तू या क्वार्टरचं दार पुन्हा कधी उघडणार नाहीस, आणि मी तुला दोषही देऊ शकणार नाही. मी त्याला सारखी म्हणत होते, टीसीबाबा, माझं तिकीट नको करू पास, पण थांब.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच टेबलावर घेतलं. म्हणाल्या, लघवी पूर्ण तुंबलीय, आणखी उशीर झाला असता तर विष अंगात भिनलं असतं. नळी घालायची तयारी करता करता त्यांनी विचारलं, "घरात नवीन कोण आलंय?"

मी म्हणाले, "मी."

तोंडातून निघूनच गेलं. मग मी घाईघाईने पिल्लाचं सांगितलं.

नळीतून रक्ताळ लघवी आली तेव्हा मी स्टुलावर बसले. त्यांनी मला समजावलं ते तसंच्या तसं सांगते. मांजराला त्याची जागा म्हणजे जीव. वास, ताटली, कोपरा, झोपायचं खोकं, यावर ते जगतं. अचानक कोणी येऊन त्यातच बसलं, की काही मांजरं भांडतात आणि काही गप्प राहतात. गप्प राहणारी आतून आजारी पडतात. मूत्राशयाला सूज येते, पोट चाटतात, खाणं सोडतात. बोक्यांची वाट अरुंद, ती बंदच होते. त्यात मुद्दाम काही नसतं. जागा चुकवून घाण करतात, कारण दुखतं. मी त्यांना एका ताटाचं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, प्रेम वाढावं म्हणून तुम्ही त्याला रोज शत्रूसमोर जेवायला बसवलंत." मग विचारलं, पोट चाटणं कधीपासून? मी आठवून पाहिलं. माझ्या लग्नापासून.

तो दिवस तुलाही आठवत असेल. याच आत्यांनी आपल्या तिघांना एका ताटात बसवलं होतं. "मायलेकीचा जीव जडू दे," म्हणाल्या, आणि अप्पा तुला म्हणाले, आई म्हण. तू शिऱ्याचा एक घास घेतलास, उठलीस आणि मागे नळाजवळ जाऊन ओकलीस. आत्या "नाटकं" म्हणाल्या, ते तुला ऐकू गेलं. त्यानंतर तुझं पोट दुखायला लागलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, रक्तात काही निघालं नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की काही नाहीच. नांदेडला पूर्णेतून किती पोरं रोज रेल्वेने अप-डाऊन करतात, तू मात्र होस्टेल घेतलंस. आणि तुझी खोली रिकामी झाली म्हणून आम्ही तिथे माझी मशीन ठेवली. तुला मांजर म्हणतेय असं समजू नकोस. पण त्या टेबलाशेजारी उभी असताना मला तूच दिसत होतीस, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी टीसीला घरी आणलं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला एक खोली दिलीय, तुझी. मशीन मी बाहेर ओढली, पडवीत ठेवली. त्याचं खोकं, त्याची ताटली, त्याची मातीची पाटी, सगळं आत. पाणी जास्त पाजायचं, गोळी वेळेवर द्यायची. पिल्लू बाहेर, दार बंद. त्याच्या ओळखीच्या वासाचं काही द्या म्हणाल्या होत्या. अप्पांना आठवलं, सविताताईंच्या साडीची वाकळ तुझ्या कपाटात आहे. कपाटाला तुझं कुलूप. ते पेचकस घेऊन कुलूप तोडायला बसले आणि मी त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला. या घरात पहिल्यांदा माझा आवाज चढला. ते कपाट तूच उघडशील. टीसीला खुंटीवरचा तुझा जुना स्वेटर दिलाय, त्यावर तो झोपतो. काल थोडं खाल्लं. पण परत तुंबू शकतं, आणि तुंबलं तर ऑपरेशन. दर थोड्या वेळाने जाऊन मी मातीची पाटी ओली झालीय का ते बघते. माझ्या आयुष्यात ओल्या मातीचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आणि आता खरं कारण. गुरुवारी तू अप्पांना फोन केलास, दिवाळीला येत नाही, पोट पुन्हा दुखतंय म्हणालीस. फोन स्पीकरवर होता. अप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नाटकं हायेत सगळी, मुद्दाम करायलीय." अगदी तोच शब्द, रुद्राणी, युनिफॉर्म ओला झाल्यावरचा. मी त्यांना तेव्हा सांगितलं आणि तुला आता लिहून देते: तुझं पोट दुखतं, ते खरं आहे, आणि तू मुद्दाम काही करत नाहीस. ये. टीसीला तू हवीस. डॉक्टरबाईंनी दोन मांजरांची ओळख करायची रीत सांगितलीय. बंद दाराच्या अलीकडे एकाची ताटली, पलीकडे दुसऱ्याची, आपापलं खायचं, घाई करायची नाही, आणि दार जुन्याच्या कलाने उघडायचं. मी तसंच करणार आहे. तुझं ताट तुझ्या खोलीत येईल. सविताताईंचं नाव कोरलेलं स्टीलचं ताट मी घासून वेगळं ठेवलंय, त्यात दुसरं कोणी जेवणार नाही. आत्यांना सांगितलंय, दिवाळीला वालूरलाच थांबा. मला आई म्हणायचं नाही, काहीच म्हणायचं नाही. दाराच्या या बाजूला मी आणि विदाऊट आमची ताटं घेऊन बसू. आतली कडी तुझ्या हातात आहे. ती या दिवाळीला निघाली नाही तरी मी तिथेच जेवेन.

तुझीच,
(सध्या विदाऊट) राजेश्री