शिवणवालीचं शेवटचं पान

१४ मार्च, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. हल्ली तू ते ठेवून घेतेस की नाही, कल्पना नाही. पण मोठी बहीण आहे, देणं माझं काम.

तुझी चिठ्ठी पोचली. ऑफिसातल्या एका बाईंनी कादंबरी लिहिली आहे, त्यांना ती स्वतःच छापायची आहे, काय काय करावं लागतं ते कळव, एवढंच. त्यातलं ‘एवढंच’ तू अधोरेखित केलं आहेस. कळलं हो. हिवाळ्यापासून आपल्यात बोलणं नाही आणि या निमित्तानं ते सुरू झालं असं मी समजू नये, हे ध्यानात आलं. तेव्हा मी बरी आहे, आणि तुझ्या नवऱ्याचा गुडघा कसा आहे हे मी विचारत नाही. कुणी आपणहून कळवलं तर वाचीन.

आता तुमच्या बाईंसाठी. मुखपृष्ठ नातेवाइकाकडून करून घेऊ नये. चित्र नापसंत केलं तर नातं जातं आणि पसंत केलं तर पुस्तक जातं. कागद पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर घ्यावा, डोळ्यांना बरा पडतो. छापखान्यात फोन करू नये, स्वतः जाऊन तिथल्या स्टुलावर ठाण मांडावं. फोनवर त्यांचं प्रत्येक काम उद्या होतं. समोर बसलेल्या बाईला हाकलण्यासाठी तरी ते आज करतात. छापण्याआधीच वाचक गाठावेत. मी अजूनही आगाऊ नावं घेते आणि सायकलवरून घरोघर पुस्तकं पोचवते. निम्मं गाव मला लेखिका समजतं, निम्मं कुरियरवाली. आणि प्रुफं स्वतः तपासू नयेत, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. त्यासाठी घरात एक खडूस माणूस असावं लागतं. माझ्याकडे होतं. सध्या ते रागावून बसलं आहे.

हे वाक्य खोडणार होते, पण आता राहू दे.

तर एवढंच. पण पानाची मागची बाजू कोरी आहे आणि मला कोरी जागा बघवत नाही, म्हणून गावची बातमी लिहिते. वाचायची सक्ती नाही.

आपल्या कोपऱ्यावरचं वाचनालय बंद करायचं नगरपालिकेच्या मनात होतं. त्या खोलीत त्यांना जुन्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. माणसं बसायची जागा बंद करून तिथे खुर्च्या ठेवायच्या, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला माझा नमस्कार. ग्रंथपाल बाई माझ्याकडे आल्या तेव्हा अगदी रडकुंडीला आल्या होत्या. सुनावणी मंगळवारी होती. हरकत घ्यायला कुणीच आलं नाही तर ठराव आपोआप मंजूर, असा नियम. ‘तुम्ही लिहिता, एक पत्रक लिहून द्या,’ म्हणाल्या. खाली वाचनालयाचं नाव मात्र नको, नोकरीवर येईल.

माझी पहिली पाच-सहा वर्षं तिथल्याच टेबलावर गेली आहेत, तुला माहीत आहे. तू समोर बसून माझे स्वल्पविराम हुसकावायचीस. ते टेबल गेलं तर माझं काय राहील, या विचारानं मला जेवण जाईना. मी पत्रक लिहायला बसले, पण नागरिकहो वगैरे काही जमेना. शेवटी मनात होतं ते सरळ लिहिलं: मी फार दिवस खिडकीशी बसून राहिले. आता उठले आहे. मंगळवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात जाणार आहे, आपलं वाचनालय राहू द्या असं सांगायला. एकटीला भीती वाटते. तुम्ही पण या.

सही नाही, मथळा नाही. छापखानेवाल्यांनी कादंबरीच्या उरलेल्या कागदावर, त्याच टाइपात छापून दिलं, आपलेपणानं.

हो, कादंबरी. तीच, जिच्यावरून आपलं वाजलं. ती निघाली त्याच आठवड्यात.

आपले बाइंडरकाका तुला आठवत असतील. ते बांधायला आलेलं काहीही वाचत नाहीत, हे त्यांचं तत्त्व. ‘वाचायला लागलो तर शिवू कधी?’ असं ते पूर्वीपासून म्हणतात. त्यांच्यासमोर कादंबरीच्या पानांच्या गड्ड्या होत्या आणि शेजारी, त्याच कागदाची, त्याच अक्षरांची, सुट्या पानांची आणखी एक गड्डी. काकांनी काय करावं? प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एकेक पान व्यवस्थित चिकटवून टाकलं. नेहमीसारखं, सुरेख.

मी मात्र पुस्तकं उघडून न बघता सायकलवर लादली आणि वाटून आले. प्रुफं तपासणारं माणूस असतं तर त्यानं आधी शेवटचं पान उघडलं असतं. ते असो. दुसऱ्या दिवशी पत्रकं आणायला गेले तर काका म्हणाले, ‘कसली पत्रकं? ती शेवटची पानं ना? लावली की.’

मी तिथेच स्टुलावर बसले. सुनावणी तोंडावर आली होती, नवी छापायला वेळ नव्हता. शिवाय माझ्या कादंबरीचा शेवट, ज्याच्यासाठी मी सख्ख्या बहिणीशी भांडले, त्याला आता नगरपालिकेचं शेपूट. कुणाला सांगायची सोय नाही. काकांना ओरडावं तर ते इतक्या प्रेमानं पाणी घेऊन आले की मी ते मुकाट्यानं प्यायले.

मंगळवारी गेले. ग्रंथपाल बाई, मी आणि त्यांच्या जाऊबाई, एवढीच फौज असणार असं धरून चालले होते. सभागृहाच्या जिन्यावरच गर्दी. मला वाटलं, पाण्याच्या तक्रारीची लाइन आहे. मग बघते तर हातात पुस्तकं! माझी पुस्तकं, बारके. दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून आलेले. बस डेपोतले दोघं गणवेशातच. शाळेतल्या शिक्षिका रजा टाकून आलेल्या. आत शिरायला जागा नाही. आणि जो तो मान उंच करून कुणाला तरी शोधतोय. डॉक्टरांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, ‘ती आली का? शिवणवाली?’

मला क्षणभर काही उलगडेना. मग उलगडलं. त्यांना ते पत्रक वाटलंच नव्हतं. तो त्यांच्या लेखी कादंबरीचा शेवट होता. माझी बाई, जी गावाचे कपडे उसवून परत मापात बसवते, सगळ्यांचं ऐकून घेते आणि शेवटी संध्याकाळी हातात दोरा घेऊन खिडकीशी बसून राहते, ती पान उलटल्यावर चक्क उठली होती. भीती वाटते म्हणाली होती. या म्हणाली होती. आणि ही माणसं तिला एकटं पडू द्यायला तयार नव्हती.

अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही सगळे कुठल्या संघटनेचे? बस डेपोतल्या एकानं पुस्तक वर धरून सांगितलं की आम्ही या बाईंच्या वतीनं आलोय. अध्यक्ष म्हणाले, मग त्यांना बोलू द्या. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मला चारचौघांत बोलता येत नाही, माझी बोबडी वळते, तुला ठाऊक आहे. पण उठले. काय बोलले ते आठवत नाही. ग्रंथपाल बाई सांगतात की मी खुर्च्यांवर बरंच बोलले आणि लोक पोट धरून हसले, अध्यक्षसुद्धा. ठराव मागे घेतला. वाचनालय राहिलं! आम्ही तिथून निघालो ते सरळ वाचनालयातच जाऊन बसलो, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी कुणाला ‘हळू बोला’ म्हटलं नाही.

आता खरं अडलं आहे ते सांगते. सगळ्या प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती मशीनवर चढायची आहे आणि छापखानेवाले विचारतात, ते शेवटचं पान ठेवायचं की काढायचं? ठेवता येत नाही, मंगळवार होऊन गेला. काढताही येत नाही. लोक रस्त्यात थांबवून सांगतात की तुमच्या सगळ्या पुस्तकांत हाच शेवट मनाला भिडला. मी हसते आणि सायकल दामटते. काय सांगू, की तो माझा नव्हे?

तुझा होता. ‘तीनशे पानं मी तिच्या मागे हिंडले, ताई, आणि ती शेवटी बसून राहिली. तिला उठव,’ असं तू म्हणालीस. आणि मी म्हणाले, तू स्वल्पविरामांचं बघ, शेवटाचं मी बघते. तू प्रुफं टेबलावर ठेवून निघून गेलीस. तुझं चुकलं म्हणून मी चिडले नव्हते. तुझं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून चिडले. झालं, लिहून टाकलं. चार पानं लागली.

ते पान नव्यानं लिहायला मी रोज बसते. ती उठते, दारापर्यंत जाते आणि पुढे काय बोलते तेच सुचत नाही, कारण समोरून ‘खोटं वाटतंय, ताई’ म्हणणारं कुणी नाही. तुझ्यावाचून मला फार सुनं झालं आहे. छापखानेवाल्यांना मी सांगितलं आहे की मशीन थांबवा, माझ्या बहिणीनं बघितल्याशिवाय ते पान जाणार नाही. ते म्हणाले, मग बोलवा की त्यांना. एवढं सोपं!

बोलावत नाही. रविवारी मीच येते, पान घेऊन. तुमच्या त्या कादंबरीवाल्या बाईंनाही बोलावून ठेव, खडूस माणूस कसं सांभाळायचं ते समक्षच शिकवीन. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर या वेळी तुझं नाव छापते आहे. त्याला तुझी परवानगी विचारलेली नाही. कळवलं, एवढंच.

या वेळी हरलेली, आणि हरून फार खूश असलेली,

तुझी ताई