न मोजलेले चेंडू

ऍरिझोना, ३ फेब्रुवारी

प्रिय एली,

आठ वर्षांत मी तुला पत्र लिहिलेलं नाही. तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावर माझं नावसुद्धा बाबाच घालत आला, हे तू अक्षरावरून कधीच ओळखलं असशील. आज हाताने लिहिते आहे, आणि सोपी वाक्यं लिहिते आहे, म्हणजे तुला हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. हंगामाआधीचं सराव शिबिर अजून सुरू झालेलं नाही. पिचर आणि कॅचर पुढच्या बुधवारी येतील. सध्या मैदानावर गवत कापणारे लोक आहेत, आणि आत एका गार खोलीत आम्ही आकडेवाले. दुपारी बाहेर ऊन छान असतं. आयोवात काल घरच्या अंगणातला बर्फ दोनदा काढावा लागला म्हणे. ही बातमी मला त्याच्याकडून नाही, तू पाठवलेल्या फोटोतून कळली. म्हणजे तू तिथेच आहेस, आणि फावडं तुझ्या हातात होतं. त्याची पाठ दुखते, तेव्हा ते बरंच झालं. तरी फोटो मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला तो आवडला नाही.

इथे सध्या एकच काम चाललंय. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या हेरन्सचं बुलपेन, कुंपणामागे बसणारा राखीव पिचरांचा सगळा ताफा, कसं कोसळलं ते तू टीव्हीवर पाहिलंसच. राखीव पिचरांपैकी तिघांचे कोपर गेले, उरलेल्यांचे हात उचलेनात, आणि एका सामन्यात शेवटचा डाव टाकायला आम्ही पिचरच नसलेल्या, दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूला उभं केलं. प्रेक्षक हसत होते. आमचे साहेब, गॅरिटी, हसले नाहीत. सप्टेंबरमध्ये त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, "मला बुलपेनमध्ये आठ जण हवेत, आणि त्या आठांच्या मागे नऊ. असे नऊ, की सकाळी फोन केला तर रात्री सामन्यात उभे राहतील. कुंपणामागे रिकामी बाकडी मला पुन्हा दिसता कामा नयेत." सतरा नावं, क्रमाने, प्रत्येकाखाली कारण; आणि आमच्याच खालच्या संघात टाकणारा तूही त्यासाठी विचारात होतास. ते काम माझ्याकडे आलं. तोवर माझ्याकडे आलेल्या कामांत ते सर्वांत मोठं होतं.

ते काम मिळालं त्या दिवशी मी बाबाला फोन केला होता. तीन मिनिटं मी बोलत होते. तो म्हणाला, "वा, वा. छान झालं, पोरी. आणि ऐकलंस का, एलीने आज तिघांना तीन-तीन चेंडूंत घरी पाठवलं. नऊ चेंडू! नऊ!" मी म्हटलं, ऐकलं. सामन्याचे आकडे माझ्यासमोरच उघडे होते.

तुझा राग करायला मला कधी कारण सापडलं नाही, हीच माझी अडचण होती. आई डुलुथला निघून गेली तो हिवाळा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात काढला. दर रविवारी बाबाला फोन करायचे. तो हवामान सांगायचा आणि ठेवायचा. वसंतात गावच्या क्लबने विचारलं, घरात जागा आहे तर एक पिचर ठेवून घ्याल का, डोमिनिकन पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा, इंग्रजी येत नाही. बाबा म्हणाला, मलाही फारसं बोलता येत नाही, पाठवा. जूनमध्ये मी घरी आले तर मागच्या अंगणात तो उलट्या बादलीवर बसला होता, हातात कॅचरचा जाड मोजा, आणि तू साठ फुटांवरून चेंडू टाकत होतास. तो ओरडत होता, तू हसत होतास. एली, ती बादली माझी होती. मी चौदा वर्षांची होईपर्यंत तो रोज संध्याकाळी धान्याच्या कोठारावरून येऊन त्याच बादलीवर माझ्यासाठी बसायचा. मी सॉफ्टबॉल सोडल्यावर त्याने बादली उचलून गॅरेजमध्ये ठेवून दिली. मला वाटलं होतं, विषय संपला.

मग तुझ्यासाठी तो कच्ची केळी आणायला चाळीस मैल गाडी हाकू लागला, आणि ती उकडून, कुटून, वर कांदा कसा घालायचा ते तुझ्या आईकडून फोनवर शिकला, दोघांना एकमेकांचा शब्द कळत नसताना. मी कॉलेजात मांस सोडलं तेव्हा तो मला म्हणाला होता, "मग आता काय खाणार, गवत?" पहिल्याच दिवशी तू मला ताई म्हणालास. मी तुझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठी आहे, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

आता सप्टेंबरमधल्या त्या रविवारबद्दल. तुझा हंगाम आदल्या आठवड्यात संपला होता. आपण तिघं जेवत होतो. तू उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने चमचा धरला होतास. बाबा म्हणाला, "पोराला रोज रात्री उठवलं त्यांनी. उठवलं, बसवलं. उठवलं, बसवलं. कोंबडी आहे का ती?" तू हसून म्हणालास, "आठवड्यात पाच सामने टाकले, ताई. त्यातले दोनच लोकांनी पाहिले." मला तेव्हाच कळलं तू काय म्हणतोयस. कुंपणामागचा फोन वाजला की राखीव पिचरने उठायचं, पंचवीसेक चेंडू पूर्ण जोराने टाकून हात गरम करायचा, आणि मग मैदानातला पिचर सावरला की पुन्हा बसायचं. हात थकतो तेवढाच. पण आमची मोजणी मैदानात पिचर उभा राहतो त्या टेकाडावरून सुटलेल्या चेंडूपासून सुरू होते. कुंपणामागचे चेंडू आमच्या तक्त्यात नसतात. ते टाकले त्या दिवसाच्या रकान्यात आमच्याकडे एकच शब्द येतो: विश्रांती.

ऑक्टोबरमध्ये मी तुझ्या नावाखाली लिहिलं: "एप्रिलमधला सरासरी वेग ताशी ९६.१ मैल, ऑगस्टमधला ९३.८. पुरेशी विश्रांती मिळूनही घसरण. लागोपाठच्या दिवसांचा भार पेलण्याची शक्यता कमी." सतरा जणांत तुला जागा दिली नाही. प्रत्येक आकडा खरा होता. आमच्या खोलीत एक नियम आहे, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, आणि तो नियम मी अक्षरशः पाळला. तो नियम पाळताना मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये आमच्या क्लबने तुला चाळीस जणांच्या मुख्य यादीतून काढलं. दुसऱ्या कुठल्या संघाने तुला उचललं नाही, कारण त्यांच्याकडेही तेच तक्ते आहेत आणि त्यांच्याही रकान्यात विश्रांतीच लिहिलेली आहे. बाबाने मला फोन करून विचारलं, "असं कसं गं केलं त्यांनी?" मी म्हटलं, "आकडे तसे होते, बाबा." तो म्हणाला, "तुला कळत असेल." आकड्यांतलं मला काही कळतं, हे त्याने कबूल केल्याची ती पहिलीच वेळ.

मागच्या सोमवारी बैठक होती. यादीतल्या सातव्याला कोपराची शस्त्रक्रिया करावी लागणार असं सकाळीच कळलं होतं, म्हणून एक जागा रिकामी. कुणीतरी तुझं नाव काढलं. गॅरिटींनी माझा ऑक्टोबरचा कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "असं लिहायचं असतं. चार ओळी, एक शब्द जास्त नाही. शिका जरा मारितकडून." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटच्या खुर्चीत प्रूएट बसला होता, आमचा म्हातारा बुलपेन प्रशिक्षक, सूर्यफुलाच्या बिया चघळत. तो म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण पोराला उठवलं किती वेळा, ते मोजलं का कुणी?" खोलीत हशा पिकला. "प्रूएट, तू उठतोस किती वेळा ते आम्ही मोजतो रात्री," कुणीतरी म्हणालं. गॅरिटीही हसत होते, पण त्यांनी मला विचारलं, "अशी काही मोजणी आहे आपल्याकडे?" मी म्हटलं, "नाही." तेही खरंच होतं. प्रूएट माझ्याकडे बघत राहिला. बिया चघळायचा थांबला नाही, फक्त बघत राहिला. त्याला काही माहीत नव्हतं, हे मला नंतर पटलं. तेव्हा मात्र माझे कान तापले होते.

त्यानंतर मी मोजलं. तुझ्या संघाचे मागच्या हंगामाचे सगळे सामने चित्रफितीवर मिळतात, कुणालाही. कॅमेरा डाव्या कुंपणाकडे वळला की मागे बुलपेन दिसतं. तुझा नंबर दिसतो, नाही दिसला तरी तू टाकण्याआधी डावा खांदा उडवतोस त्यावरून कळतं. सहा दिवस लागले. तू बावन्न सामन्यांत मैदानावर उतरलास. उठवून पुन्हा बसवलं ते सत्तेचाळीस वेळा. जिथे कॅमेरा पोचला नाही तिथे मी धरलेलं नाही, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. एकट्या ऑगस्टमध्ये तू अकरा वेळा उतरलास आणि सोळा वेळा नुसताच उठलास. आदल्या दिवशी तुला खरोखर कुणी उठवलं नव्हतं असे ऑगस्टमधले दिवस वेगळे काढले, तर त्या दिवसांचा वेग ९५.९ निघतो. घसरण नव्हतीच. तुझा हात एप्रिलमध्ये होता तसाच ऑगस्टमध्ये होता. फक्त दुप्पट काम करत होता. सामने पाहताना आणखी एक गोष्ट दिसली, तिचा कामाशी संबंध नाही. पुन्हा खाली बसवलं की तू प्रत्येक वेळी चेंडू कठड्यावरून एखाद्या लहान मुलाला देतोस. सत्तेचाळीस वेळा. एकदासुद्धा आपटला नाहीस. मला वाटलं होतं, एकदा तरी आपटशील. मी त्याची वाट पाहत होते.

आज सकाळी नऊ वाजता मी गॅरिटींच्या टेबलावर नवा कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे मोजलंस कधी?" "गेल्या आठवड्यात." "आणि लक्षात कधी आलं होतं?" इथे मला 'गेल्या आठवड्यात' असंच पुन्हा म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "सप्टेंबरमध्ये. तो स्वतःच बोलला होता, आमच्या घरी जेवताना." त्यांना आजवर माहीत नव्हतं की तू कुणाच्या घरी राहत होतास. मी कधी कळवलं नव्हतं, तेही कळवायला हवं होतं. त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, "मारित, तू चूक केली असतीस तर मला चाललं असतं." सतराव्या नावाचा निर्णय गुरुवारी संध्याकाळी होईल. माझ्या नोकरीचा त्यानंतर. दोन्हींबद्दल त्यांनी काही वचन दिलेलं नाही, आणि मी मागितलं नाही.

आता कामाचं. मेक्सिकोच्या क्लबला तू शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहेस, हे बाबाकडून कळलं. त्या करारावर सही केलीस की इथला दरवाजा निदान या वर्षी बंद होतो, आणि सत्तावीस वय झालेल्या राखीव पिचरला पुढचं वर्ष कुणी धरून ठेवत नाही. म्हणून गुरुवारची संध्याकाळ जाईपर्यंत सही करू नकोस. हे पत्र कुरिअरने उद्याच तुला मिळेल; सोबत सहा पानं जोडली आहेत: तारीख, डाव, चित्रफितीतली वेळ, उठलास की उतरलास. हे आकडे क्लबचे नाहीत, कुणीही पुन्हा मोजून पाहू शकेल. गुरुवारी इथून फोन आला नाही, तर ही पानं तुझ्या एजंटला दे आणि त्याला सांग, बाकीच्या सगळ्या संघांना पाठव. त्यांनी विचारलं की इतके दिवस हे कुणी पुढे का आणलं नाही, तर हे पत्रही दाखव. त्यासाठीच ते हाताने लिहून खाली पूर्ण नाव घातलं आहे. मी क्षमा मागत नाही, कारण तू लगेच करशील, आणि मग बाबा म्हणेल, बघ, किती चांगला पोरगा आहे. मला एवढंच हवं आहे: मी काय केलं ते त्याला अजून माहीत नाही. शनिवारी मी घरी येते आहे. तोपर्यंत त्याला काही सांगू नकोस. तो तुझी बाजू घेईल, घ्यायलाच हवी. पण आठ वर्षांत ही एक तरी बातमी त्याला तुझ्याआधी माझ्याकडून कळू दे.

तुझीच, आणि उद्या एखाद्या वकिलाला लागेल म्हणून पूर्ण नावानिशी,
मारित ऑफ्टेडाल