सरांची हनुवटी

मंगळवार, संध्याकाळचे साडेसात

सरांना ऐकू येत नाही. लिहून टाकलं एकदाचं.

पन्नाशीत मी व्हायोलिन शिकायला घेतलं, तेव्हापासून सर दर मंगळवारी आर्णीहून स्कूटरवर इथे घाटंजीला शिकवायला येतात. आज माझ्या तारा जुळवताना त्यांनी हनुवटी व्हायोलिनच्या लाकडावर दाबून धरली आणि डोळे मिटून खुंटी पिळत राहिले. मला वाटलं, तल्लीन झाले. मग विचारलं, "लागला न सूर, ताई?"

कुठला लागला? चांगलाच उतरला होता. तरी मी "हो सर" म्हणाले. काहून म्हणाले? त्यांचा चेहरा पडेल म्हणून?

मग मुद्दाम चुकीच्या जागी बोट ठेवून वाजवलं.

"वा! आता जमून राह्यलं तुम्हाले."

ती हनुवटी! हाडातून ऐकत होते ते.

सर साडेपाचला निघाले, तेव्हा मी फाटकात उभी होते. मागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत आला, वाजवतच राहिला. सर रस्त्याच्या मधोमध, सावकाश. शेवटी ट्रकवाल्यानेच बाजूने काढला. आणि मी नुसती पाहत राहिले.

तासाभराचा रस्ता, दोन तास झाले. घरी ते एकटेच असतात. चार वेळा फोन लावला, नुसती रिंग जाते. पोचले असतील. फोन शेजारीच वाजत असेल.

देवा, ऐकू येत नसेल, एवढंच असू दे.